केरसुणीची फेरी

१९ ऑगस्ट, मंगळवार

दिवसभरात आमच्या हायड्रोजनच्या पंपावर एकच गाडी आली, आणि तीही हवालदारांचीच. बाकी वेळ मी आणि शालूबाई हायवेवरची वाहतूक बघत बसलो. समोरच्या पेट्रोल पंपावर सकाळपासून रांग होती. तिथला मॅनेजर रोज मला लांबून हात करतो. त्या हात करण्यात सहानुभूती आहे की टिंगल, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चाचणीसाठी कंपनीने साताऱ्यात सहा गाड्या दिल्या. वर्षभर हायड्रोजन फुकट, अट एवढीच की आपली जुनी गाडी कंपनीला द्यायची. वाईच्या डॉक्टरांनी सगळ्यांच्या आधी परत केली. म्हणाले, "बॅटरीची घेतली हो. रात्री घरी लावली की सकाळी तयार. तुमच्या पंपापर्यंत रोज कोण येणार?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं. ते संपायच्या आत डॉक्टर बॅटरीच्या गाडीत बसून निघूनही गेले. मग एकेक करत बाकीचेही गेले. आता दोनच गाड्या उरल्या आहेत. एक एमआयडीसीतल्या कारखान्याची, ती शेडमध्ये उभी असते. दुसरी हवालदार आकारामांची.

हवालदारांनी फौजेत असताना लेहपर्यंत ट्रक चालवले. निवृत्तीनंतर पाचगणीच्या बोर्डिंगात मुलांना भेटायला येणाऱ्या आईबापांची ने-आण करायला जीप घेतली. ती जीप त्यांनी आनंदाने कंपनीला देऊन टाकली. शालूबाई त्यांच्या पत्नी, आमच्या पंपाची झाडलोट त्यांच्याकडे. गावात या गाडीला पाण्याची गाडी म्हणतात, कारण मागच्या नळीतून धुराऐवजी पाणी ठिबकतं. गेल्या आठवड्यात एकाने त्याखाली तांब्या धरला आणि तीर्थ म्हणून घेऊ का, असं विचारलं. हवालदार म्हणाले, "घे की गड्या. पर देव कंचा, ते मला बी ठावं न्हाई."

२४ ऑगस्ट

आज हवालदारांना सगळं समजावून सांगितलं. पुण्याहून आदेश असा आहे: महिन्याला ठरलेल्या संख्येइतक्या वेळा गाड्या भरल्या गेल्या पाहिजेत आणि मार्चपर्यंत एकही अपघात होता कामा नये. तसं झालं तर सांगलीचा पंप मंजूर. नाही झालं तर हाही बंद आणि गाड्या परत.

सांगलीचा पंप म्हणजे मी घरी. श्रद्धा तिथे शाळेत शिकवते आणि मी इथे भाड्याच्या खोलीत स्वतःच्या हातचा भात खातो. हे हवालदारांना सांगायची काही गरज नव्हती, पण सांगून टाकलं.

त्यांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजी आकडा पडला न्हाई पायजे. एवढंच ना?"

"एवढंच."

"मग ते माझ्याकडं लागलं."

बोलायला काय जातं म्हणा. पण बरं वाटलं.

२ सप्टेंबर

गौरी-गणपतीसाठी उदयसिंह साहेब साताऱ्यात आले होते, ते पंपावरही आले. पुण्याच्या ऑफिसातले माझे वरिष्ठ. असे कधी बोलत नाहीत तसे प्रेमाने बोलले. शालूबाईंच्या हातचे दोन मोदक खाल्ले. कॉम्प्रेसर, टाक्या, पाइप, सगळ्याचे फोटो काढले, अगदी प्रत्येक यंत्रावरच्या नंबरच्या पट्टीचेसुद्धा. श्रद्धाची चौकशी केली. माझा बायोडाटा अद्ययावत करून ठेव म्हणाले, कधीही लागतो.

इतक्या बारकाईने आजवर कोणी पाहिलं नव्हतं. सांगलीच्या तयारीसाठीच असणार. रात्री श्रद्धाला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांनी स्वतः म्हटलं का सांगलीचं?" या बाईला कशाचं म्हणून कौतुक नाही.

१२ सप्टेंबर

गळती आणि ज्योत ओळखणारी पेटी बंद पडली. हायड्रोजन पेटला तर दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसत नाही. धूर नाही, वास नाही, रंग नाही. माणूस आगीसमोर उभा असतो आणि त्याला कळत नाही. म्हणून ती पेटी म्हणजे आमचे डोळे. साहेबांना कळवलं. म्हणाले, "मागवतो. तोवर हाताने तपासून चालू ठेव."

हाताने म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. प्रशिक्षणात एका म्हाताऱ्या सेफ्टी ऑफिसरने ही जुनी युक्ती सांगितली होती. वाळलेल्या गवताचा झाडू समोर धरून पाइपांच्या कडेने चालायचं. कुठे ज्योत असेल तर आपल्याआधी झाडू पेटतो. कोट्यवधींचा पंप, आणि त्याची राखण केरसुणीकडे.

१३ सप्टेंबर

शालूबाईंनी सकाळी साफ नाही म्हटलं.

"आवं साहेब, केरसुणी म्हंजी लक्ष्मी. चुकून पाय लागला तरी आमी पाया पडतो, आन तुमी तिला जाळायला निघालाय?"

म्हटलं, जाळायची नाही, पुढे धरायची. त्या म्हणाल्या, पेटलीच तर? म्हटलं, पेटली तर तिने आपल्याला वाचवलं. हे त्यांना पटलं असावं, पण पटलंय असं दाखवायची तयारी नव्हती. मग मी खराटा आणला. त्याच्या काड्या जाड, त्या वेळेवर पेटणार नाहीत, हे मलाही कळत होतं.

दुपारी शालूबाई आपण होऊन आल्या. पुरुषांच्या हातात लक्ष्मी नको, फेरी मीच मारणार म्हणाल्या. केरसुणीला नमस्कार केला, "माफ कर गं आई," म्हणाल्या, आणि पाइपांच्या कडेने अशा चालल्या की मीच चटकन बाजूला झालो. आता प्रत्येक गाडी भरण्याआधी शालूबाईंची फेरी. फेरी नाही तर गॅस नाही, हा माझा नियम.

२६ सप्टेंबर

हवालदारांचा धंदा जोरात दिसतो. एक दिवसाआड टाकी रिकामी करून येतात. या महिन्याचा आकडा सहज पुरा होणार. कारखान्याची गाडी गेल्या सोमवारी परत गेली, तरीसुद्धा.

रात्री श्रद्धाचा फोन. म्हणाली, "तुझी ती पाण्याची गाडी आज परत दिसली, इथल्या गणपतीच्या देवळाबाहेर. तो माणूस एकटाच बॉनेटला टेकून भडंग खात होता."

"पॅसेंजर दर्शनाला गेले असतील."

"मंगळवारी पण एकटाच होता."

मंगळवारी गणपतीला गर्दी असते, पॅसेंजर रांगेत असणार. मी तसं म्हटलं. ती दूधवाल्याचं काहीतरी सांगायला लागली.

३ ऑक्टोबर

काल दसरा. हवालदारांनी भरणीच्या यंत्राला झेंडूचं तोरण बांधलं. फोटोत पंप छान दिसतो.

आज सकाळी फेरीत केरसुणी पेटली.

भरणीच्या यंत्रालगतच्या मधल्या जोडापाशी टोकाने भुर्रकन पेट घेतला. समोर काहीच नव्हतं. नुसतं ऊन. शालूबाई ओरडल्या नाहीत. जळती केरसुणी वाळूच्या बादलीत खुपसून म्हणाल्या, "हितं हाय बघा." मी पुरवठा तोडला, जोड आवळला. साहेबांना फोन केला, पेटीचं काय झालं विचारलं. म्हणाले, कस्टममध्ये अडकलीय. सरकारी कारभार, दुसरं काय.

तो जोड बदलायलाच हवा आहे. पण नवा जोडही त्या पेटीबरोबरच येणार आहे.

१४ ऑक्टोबर

हायड्रोजनचा ट्रेलर लोणंदहून आठवड्याला यायचा, तो आता पंधरवड्याने येतो. आज आला तेव्हा ड्रायव्हर इंजिन चालूच ठेवून खाली उतरला. अर्धा तास आमच्या स्वच्छ इंधनाच्या पंपावर डिझेलचा धूर. शालूबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "ह्यो धूर कुणाच्या हिशेबात धरायचा, साहेब?" मी म्हटलं, पुढे सौर ऊर्जेवर इथेच गॅस बनवू, मग ट्रेलर लागणार नाही. त्या हो म्हणाल्या, पण मान हलवली नाही.

खरं सांगायचं तर मलाही अलीकडे हे वाक्य म्हणताना कंटाळा येतो. गॅस दुसरीकडे बनवायचा, दाबायचा, डिझेलवर आणायचा, पुन्हा दाबायचा, आणि एका माणसाच्या गाडीत भरायचा. पण तो एक माणूस येतो, हेही खरं आहे.

२० ऑक्टोबर

ऑक्टोबरचा आकडा थोडा कमी पडतोय, ट्रेलरच्या खोळंब्यामुळे. हवालदारांना सहज बोललो. ते म्हणाले, "काळजी करू नगा. उद्या दुपारच्याला येतो भरायला."

शालूबाईंनी आज जुनी केरसुणी बाहेर काढली. अर्धी जळकी केरसुणी सणाच्या दिवशी दारात नको, म्हणाल्या. नवी आणून कोऱ्या कापडावर ठेवली आहे. उद्या लक्ष्मीपूजन, तोवर तिला कोणी हात लावायचा नाही.

उद्या संध्याकाळी पूजा झाली की रात्रीच्या गाडीने सांगली. श्रद्धाने चकल्या केल्या आहेत.

२१ ऑक्टोबर

काही लिहवत नाही. सांगलीला गेलो नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

लिहून टाकतो.

परवा दुपारी दोनच्या सुमारास हवालदार आले. इस्त्रीचा सदरा, गाडीला हार. मी शालूबाईंना विचारलं, "फेरी?" त्या रांगोळी काढत होत्या. म्हणाल्या, "नवी केरसुणी पुजल्याबिगर कशी घ्यायची, साहेब? सांजच्याला पूजा झाली की मारते."

मी संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं. नियम माझाच होता. पण सण होता, आकडा कमी होता, हवालदार एवढे नटून आले होते, आणि एका फेरीसाठी त्या बाईची लक्ष्मी मोडायला माझी जीभ वळली नाही. एका वेळेने काय होतंय, असं मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. मग झडप उघडली.

हवालदार यंत्रापाशी उभे होते. दसऱ्याचं तोरण काढून त्यांनी ताजं बांधलं होतं. ते म्हणाले, "आत्ताच बांधली, आन ही फुलं आखडाय का लागली?" आणि फुलं सारखी करायला त्यांनी उजवा हात पुढे केला.

मला कळलं होतं. त्यांचा हात पोचायच्या आधी मला कळलं होतं. तोंडातून शब्द निघाला नाही. मी लाल बटण दाबलं, पण तोवर सदऱ्याची बाही पेटली होती. आधी काहीच दिसत नव्हतं, आणि मग एकदम हातच पेटलेला दिसला.

मी त्यांना खाली पाडलं, ब्लँकेट टाकलं. ते ओरडले नाहीत, फक्त "गाडी मागं घ्या, गाडी मागं घ्या," म्हणत राहिले.

शालूबाई धावत आल्या त्या नवी केरसुणी घेऊन. कापड तिला तसंच अडकलेलं होतं. नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि यंत्राभोवती, पाइपांच्या कडेने, जोडापाशी, सगळीकडे फेरी मारली. त्या फेरीत काहीही पेटलं नाही. मग केरसुणी खाली ठेवून त्या हवालदारांजवळ बसल्या.

२७ ऑक्टोबर

पुण्याहून चौकशीला दोघे आले. दवाखान्यात हवालदारांनी त्यांना सांगितलं, साहेबांनी नको म्हटलं होतं, मीच जबरदस्ती केली, मीच हात घातला. फौजेतल्यासारखं पडल्या पडल्या ताठ होऊन सांगितलं. मी मध्ये बोललो, असं नव्हतं, फेरी न करता मी झडप उघडली. पाहुण्यांनी दोन्ही लिहून घेतलं आणि घड्याळात पाहिलं.

डॉक्टर म्हणतात, बोटं वळणार नाहीत. गिअर, स्टिअरिंग विसरा.

बाहेर बाकावर शालूबाई बसल्या होत्या. मी म्हटलं, पाचगणीच्या पॅसेंजरांना कळवायला हवं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"कंचं पॅसेंजर? पावसाळ्यापासनं एक बी न्हाई. वाटंत गॅस संपला तर कुठं भरायचा, म्हणून लोक बसंनात."

"मग रोज जायचे कुठे?"

"सांगलीला. रिकामी गाडी घेऊन जायाचं, गणपतीला हात जोडायाचं, आन माघारी. टाकी मोकळी झाली म्हंजी परत भरायला येता येतंय. तुमचा आकडा पडू नये म्हणून." मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "आन सांगलीच्या पंपाची जागा बी बघून यायचं. हितं साहेबांची बायको येईल चालत, म्हणायचं."

श्रद्धाने मला दोनदा सांगितलं होतं.

१ नोव्हेंबर

अहवाल पाठवला. फेरी चुकवली हे पहिल्याच ओळीत लिहिलं. दुपारी उदयसिंह साहेबांचा फोन आला. रागावतील असं वाटलं होतं, आणि ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"तू कशाला मनाला लावून घेतोस, सुमंत? या अहवालावर काही अवलंबून नाही. बंद करायचं गणपतीतच ठरलं होतं."

मी म्हटलं, कुठल्या गणपतीत?

"याच. मी आलो होतो ना. तेव्हाच यादी केली. सगळं जग बॅटरीकडे गेलं, आपण एका गाडीसाठी किती दिवस गॅस दाबणार? सण तोंडावर होते, म्हटलं कशाला कोणाची दिवाळी खराब करा. म्हणून बोललो नाही."

"आणि ती पेटी? कस्टममधली?"

"बंद होणाऱ्या पंपाला पेटी कोण मागवतं?"

"आणि महिन्याचा आकडा?"

ते म्हणाले, "कुठला आकडा?"

२ नोव्हेंबर

श्रद्धा आली होती. खोली आवरली, भात टाकला. जाताना म्हणाली, "आता घरी चल." एवढे महिने मला हेच हवं होतं. मी फक्त मान डोलावली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज हवालदारांच्या दारातून गाडी नेली. मोठा ट्रक आला, डिझेलचा. पुण्यात नेऊन गाडी मोडणार आहेत. हवालदारांना ते सांगितलेलं नाही, दुरुस्तीला चालली असं सांगितलं आहे. ट्रकवाल्यालाही तसं बजावून ठेवलं होतं.

हवालदार ओट्यावर बसले होते, उजवा हात पट्टीत. गाडी चढवताना उठले आणि डाव्या हाताने समोरची काच पुसली. नळीतून थोडं पाणी ठिबकलं. अंगणात ओली रेघ उमटली आणि ट्रक जायच्या आत उन्हात वाळून गेली.

मी त्यांना खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. गणपतीत ठरलेलं, कस्टमचं खोटं, मोकळ्या गाडीच्या त्या सगळ्या खेपांना काही अर्थ नव्हता हे. वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली होती. त्यांना हे कळण्याचा हक्क आहे, असं मला अजूनही वाटतं.

ट्रक हायवेला लागेपर्यंत ते बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, एक विचारायचं ऱ्हायलंच बघा. त्या महिन्याचा आकडा पुरा झाला का?"

शालूबाई दारात केरसुणी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

मी म्हटलं, "झाला."

"मी म्हणत हुतो की न्हाई?" ते शालूबाईंना म्हणाले. चेहरा एकदम उजळला. दुपारपासून पहिल्यांदा. "मंग सांगलीचा पंप झाला की मला कळवा. एका हातानं बी चालवतो मी, लेहला चालवलीय."

शालूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या खाली वाकल्या आणि ट्रकची चाकं जिथून गेली होती तिथली माती झाडू लागल्या.

"कळवतो," मी म्हटलं.